स्वालबार्डची छोट्या जहाजाची सफर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

स्वालबार्डला जायचं ठरलं की घरचे दोनच प्रश्न विचारतात: थंडी किती असेल आणि खायचं काय. दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. खरा अवघड प्रश्न कुणी विचारत नाही, तो म्हणजे व्हिसावर 'एंट्री' किती आहेत. तिथूनच अनेकांची सफर फसते, तीही घरबसल्या.

नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांत हा द्वीपसमूह आहे. स्पिट्सबर्गन हे त्यातलं सगळ्यात मोठं बेट. मुख्य गाव लाँगयरब्येन, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावाबाहेर रस्ते नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात किनारा बघायचा तर जहाज हवं. मोठी क्रूझ घेऊन गेलात तर खाडीच्या तोंडातून लांबून डोंगर दिसतील. लहान जहाज आत शिरतं, नांगर टाकतं आणि रबरी बोटीतून तुम्हाला किनाऱ्यावर नेतं. हा लेख त्या लहान जहाजाबद्दल आहे.

## १. आधी जहाज निवडा, मग बाकी सगळं

'लहान' या शब्दात बरंच काही बसतं. १२ प्रवाशांच्या बोटी आहेत, २० जणांची 'नोर्डरलिख्त'सारखी शिडाची जहाजं आहेत (मूळची १९१० सालची), आणि शंभरेक प्रवाशांची 'प्लान्सियस'सारखी मोहीम-जहाजं आहेत, जी कधीकाळी डच नौदलाकडे संशोधनासाठी होती. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी शंभरेक प्रवाशांचं जहाज सुचवेन. ते समुद्रात कमी हलतं, डॉक्टर सोबत असतो आणि व्याख्यानांसाठी वेगळा हॉल असतो. शिडाच्या जहाजाची मजा निराळीच, पण तिथे बंकबेड, चिंचोळा जिना आणि डुलणं हे सगळं आनंदाने सोसणारा माणूस हवा.

दोनशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाच्या नादी लागू नका. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही. शिवाय त्या भागांत किनाऱ्यावर उतरण्यासाठी ४३ ठिकाणंच ठरवून दिली आहेत. म्हणून बुकिंग करताना 'किती देश बघायला मिळतील' असं विचारू नका. पुढचे प्रश्न विचारा:

- एका वेळी किती प्रवासी किनाऱ्यावर उतरतात, आणि किती गाइड सोबत असतात?
- रोज साधारण किती वेळा उतरवतात? (दिवसातून दोनदा हे चांगलं उत्तर.)
- गमबूट जहाजावर मिळतात का? जाड जॅकेट मिळतं का?
- मार्ग कोणता: फक्त पश्चिम किनारा, बर्फाच्या कडेपर्यंत उत्तरेला, की बेटाला पूर्ण वळसा?
- जहाजाला बर्फात शिरण्यासाठी मजबुती दिलेली आहे का?

केबिनवर फार पैसे घालू नका. दिवसभर तुम्ही डेकवर, बोटीत नाहीतर जेवणाच्या टेबलावर असता. खालच्या मजल्यावरचं, जहाजाच्या मध्यभागाजवळचं साधं केबिन कमी हलतं आणि स्वस्तही पडतं. एकटे जाणार असाल तर 'शेअर' केबिन आधीच मागा, नाहीतर एकट्याचा जादा आकार चांगलाच जड जातो. तीन-चार जणांच्या केबिनमध्ये आठवडाभराची सफर माणशी साधारण चार हजार युरोच्या आसपास सुरू होते. त्यावर विमानखर्च आणि दोन्ही बाजूंच्या हॉटेलच्या रात्री धरा.

## २. महिना कोणता

लाँगयरब्येनमध्ये साधारण २० एप्रिल ते २२-२३ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळतच नाही. जहाजांचा मुख्य हंगाम जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

जूनमध्ये डोंगरांवर बर्फ असतो, खाड्यांमध्ये गोठलेला समुद्र काही ठिकाणी टिकून असतो आणि फोटो देखणे येतात. पण पूर्वेकडची सामुद्रधुनी बऱ्याचदा बर्फाने बंद असते, आणि ३० जूनपर्यंत अस्वलांपासून जास्त अंतर ठेवावं लागतं (त्याबद्दल पुढे). जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत बर्फ मागे सरतो, बेटाला वळसा घालण्याची शक्यता वाढते, पक्ष्यांची पिल्लं दिसतात. ऑगस्टच्या शेवटी प्रकाश तिरपा आणि सोनेरी होतो, पण कडेकपारींवरचे पक्षी बहुतेक निघून गेलेले असतात.

मला विचाराल तर जुलैचे शेवटचे दोन आठवडे. सगळ्यांना तेच हवे असतात, म्हणून वर्षभर आधी बुकिंग करा.

## ३. व्हिसा: इथे घाई नको, आळस तर नकोच

नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण शेंगेनमध्ये नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथला कारभार निराळा आहे. त्या करारावर सही करणाऱ्यांत तेव्हाचा ब्रिटिश अमलाखालचा भारतही होता. करारानुसार स्वालबार्डला यायला व्हिसा लागत नाही. हे वाचून बरेच जण खूश होतात, आणि नेमके इथेच फसतात.

कारण तिथे जायचं तर आधी नॉर्वेतलं ऑस्लो किंवा ट्रॉम्सो गाठावं लागतं. म्हणजे शेंगेनमध्ये शिरलात, ही पहिली एंट्री. ऑस्लोहून लाँगयरब्येनच्या विमानात बसलात की तुम्ही शेंगेनबाहेर गेलात, देशांतर्गत उड्डाण असूनही. परत ऑस्लोला उतरलात की दुसरी एंट्री. 'सिंगल एंट्री' व्हिसा असेल तर परतीचं दार बंद. म्हणून डबल किंवा मल्टिपल एंट्रीच मागा, आणि सोबतच्या पत्रात कारण स्पष्ट लिहा: 'स्वालबार्ड शेंगेनबाहेर असल्याने मला दोनदा प्रवेश करावा लागेल.' व्हिसा हातात आला की नाव तपासायच्या आधी एंट्रीचा रकाना तपासा.

सफरीनंतर पॅरिस-अॅमस्टरडॅम करायचा बेत असेल तर नॉर्वेतले दिवस, इतर शेंगेनचे दिवस आणि स्वालबार्डचे दिवस कागदावर वेगवेगळे मांडा. स्वालबार्डमध्ये काढलेले दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत धरले जात नाहीत, पण एंट्री मात्र मोजली जाते.

दुसरा सापळा ग्रीनलंडचा. काही जहाजं स्वालबार्डहून निघून पूर्व ग्रीनलंडमार्गे आइसलंडला जातात. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्याचा भाग असला तरी शेंगेनमध्ये नाही, आणि साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. व्हिसावर ग्रीनलंडसाठी वैध असल्याची वेगळी नोंद लागते. असा मार्ग निवडला असेल तर अर्जाच्या आधीच जहाज कंपनीला आणि व्हिसा केंद्राला स्पष्ट विचारा.

अर्ज नॉर्वेच्या परदेशी नागरिक संचालनालयाच्या संकेतस्थळावर भरायचा, शुल्क तिथेच भरायचं आणि मग कागद घेऊन व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायचे. शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे, त्यावर केंद्राचा सेवा-आकार. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमात १५ दिवस लिहिले असले तरी ते ४५ पर्यंत लांबू शकतात, आणि उन्हाळ्याआधी अपॉइंटमेंट मिळवणं हेच निम्मं काम असतं. जुलैला जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये फाइल केंद्रात पोचलेली असावी.

कागदपत्रं:

- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं. जुने पासपोर्टही जोडा.
- सही केलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे फोटो
- जहाजाचं बुकिंग: तुमचं नाव, जहाजाचं नाव, चढण्या-उतरण्याचं बंदर आणि तारखा असलेलं पत्र
- मुंबई ते ऑस्लो आणि ऑस्लो ते लाँगयरब्येन, दोन्ही विमानांची जाण्या-येण्याची आरक्षणं
- दोन्ही बाजूंच्या हॉटेलांची बुकिंग
- किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा
- बँकेची अलीकडची विवरणं, तीन वर्षांचे आयटी रिटर्न
- नोकरीचं पत्र आणि रजेचा दाखला. व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद. निवृत्त असाल तर पेन्शनची कागदपत्रं
- पत्र: कुठे, का, किती दिवस, कुणाच्या खर्चाने, आणि दोन एंट्री का

जहाजाचं पत्र आणि विमानाच्या तारखा जुळतात का, हे बारकाईने बघा. जहाज सुटतं दुपारी, सफर संपते सकाळी. हॉटेलच्या रात्री त्या हिशेबात न बसल्या की फाइल बघणाऱ्याला गोंधळ होतो आणि मग विचारणा येते.

## ४. विमान: एक रात्र आधी पोचा, दोन असतील तर उत्तम

मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे थेट ऑस्लोला उतरता येतं, ते सोयीचं. फ्रँकफर्ट किंवा अॅमस्टरडॅममार्गे गेलात तर शेंगेनची पहिली तपासणी तिथे होते. चालतं, पण मधला वेळ भरपूर ठेवा.

ऑस्लो ते लाँगयरब्येन थेट विमानाने साधारण तीन तास. काही विमानं ट्रॉम्सोला थांबतात आणि तिथे उतरून पासपोर्ट दाखवून पुन्हा चढावं लागतं. पासपोर्ट चेक-इन बॅगेत टाकून बसू नका.

जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि सुटलं की मधल्या एखाद्या बंदरात गाठण्याची सोयही नसते. म्हणून सफरीच्या किमान आदल्या दिवशी गावात पोचा. बॅग मागे राहते, हा उत्तरेच्या प्रवासात नेहमीचा प्रकार. हँडबॅगेत थर्मलचा एक जोड, वॉटरप्रूफ पँट, हातमोजे, औषधं आणि कॅमेरा ठेवा. जाडजूड जॅकेट अंगावरच चढवा. मुंबई विमानतळावर लोक बघतील, बघू देत.

## ५. विमा आणि पैसे

व्हिसासाठी घेतलेला विमा आणि उत्तरेसाठी लागणारा विमा एकच असेल असं धरून चालू नका. लाँगयरब्येनचं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला ट्रॉम्सोला हलवतात. जहाज दूरच्या खाडीत असेल तर हेलिकॉप्टर लागतं. विमा कंपनीला ईमेलवर तीन गोष्टी लेखी विचारा: स्वालबार्ड पॉलिसीत येतं का, समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च मिळतो का, आणि आधीपासून असलेला मधुमेह किंवा रक्तदाब यांचं काय. जहाज कंपन्या बाहेर काढण्याच्या खर्चासाठी किमान विमा रक्कम ठरवून देतात, ती आकड्यासह तपासा.

तिथे नॉर्वेजियन क्रोनर चालतो, आणि कार्ड सगळीकडे. रोख रक्कम जवळजवळ लागत नाही. स्वालबार्डवर व्हॅट नाही, पण त्या भरवशावर खरेदीची यादी करू नका. सगळा माल जहाजाने नाहीतर विमानाने येतो.

भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा प्राप्तिकर) कापला जाईल. दर वरचेवर बदलतात, त्या वर्षीचा विचारून घ्या आणि पावती जपा.

## ६. कपडे: थंडीपेक्षा ओलं होणं वाईट

जुलैत तापमान शून्याच्या वर पाच-सहा अंशांच्या आसपास असतं. आकडा ऐकून लोक म्हणतात, मनालीत याहून थंडी असते. पण रबरी बोटीत वाऱ्याच्या तोंडावर पाऊण तास न हलता बसायचं असतं, अंगावर खारं पाणी उडत असतं, आणि तिथे तापमानाचा आकडा कामाला येत नाही.

अंगाला चिकटून लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल. त्यावर फ्लीस किंवा हलका स्वेटर. सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं कवच. सुती बनियन, जीन्स, सुती मोजे घरी ठेवा, भिजले की दिवसभर सुकत नाहीत. एकच भारी जॅकेट घेण्यापेक्षा दोन पातळ थर बरे, कारण किनाऱ्यावर चढ चालताना घाम येतो आणि मग त्याच घामाने थंडी भरते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी न शिरणारी पँट, गमबुटाच्या बाहेरून घालायची. बुटाच्या आत खोचलीत तर पँटवरून ओघळलेलं पाणी बुटात साठतं आणि दिवसभर पायात डबकं घेऊन फिरावं लागतं. पावसाळी ट्रेकसाठी डेकॅथलॉनमधून घेतलेली चालते, फक्त घरी शॉवरखाली उभं राहून तिची परीक्षा घ्या.

हातमोजे दोन जोड: आत पातळ, ज्यात कॅमेऱ्याचं बटण दाबता येईल, आणि वर जाड वॉटरप्रूफ. एक जोड ओला होणारच, म्हणून एक जादा. डोक्याला कानटोपी. आपली माकडटोपी इथे अगदी योग्य कपडा आहे, लाजू नका. त्याशिवाय गॉगल, सनस्क्रीन, आणि झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी, कारण रात्री दोन वाजताही पोर्टहोलमधून ऊन आत येतं.

दुर्बीण माणशी एक हवी. नवरा-बायकोत एकच दुर्बीण नेली तर सगळ्यात चांगल्या क्षणी भांडण ठरलेलं. ८x४२ मापाची पुरते.

## ७. गुडघे, पोट आणि डबा

आईवडिलांना नेता येईल का, असं बरेच जण विचारतात. वय आड येत नाही, गुडघे येतात. जहाजाच्या बाजूला लटकवलेल्या जिन्यावरून खाली हलत्या बोटीत उतरायचं असतं. घरी एक चाचणी करा: बुटक्या स्टुलावरून हाताचा आधार न घेता उठता येतं का, आणि कठड्याला एक हात लावून दोन मजले चढता-उतरता येतात का. येत असेल तर खुशाल न्या. किनाऱ्यावर गाइड चालण्याचे गट पाडतात आणि सगळ्यात सावकाश गट बऱ्याचदा सगळ्यात जास्त बघतो.

समुद्र लागण्याचं औषध डॉक्टरांना विचारून घ्या आणि *आधी* घ्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. खाड्यांमध्ये पाणी शांत असतं, त्रास होतो तो खुल्या समुद्रात. आलेपाक खिशात ठेवा. पोट अगदी रिकामं ठेवू नका.

शाकाहार, जैन जेवण, अंडं चालतं की नाही, हे बुकिंगच्या फॉर्ममध्ये लिहा आणि महिनाभर आधी ईमेलवर पुन्हा आठवण द्या. जहाजावर एकदा सामान भरलं की बाजार नाही. आचारी मनापासून करतात, पण बटाटा, पास्ता, सूप आणि ब्रेड यांची तयारी ठेवा. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे, बंद पाकिटातलं लोणचं सोबत असावं. पेढे, बर्फी, तूप, चीज मात्र नेऊ नका: युरोपबाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला मनाई आहे.

## ८. लाँगयरब्येनमधला दिवस

१९०६ मध्ये जॉन मुनरो लाँगयर या अमेरिकन माणसाने इथे कोळशाची खाण काढली, त्याच्याच नावाचं हे गाव. शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. हॉटेलमध्ये आणि संग्रहालयात दारातच बूट काढावे लागतात. पूर्वी बुटांना कोळशाची धूळ असायची, ती पद्धत अजून चालू आहे. जाड मोजे घालून जा. संग्रहालय चुकवू नका, पुढे जे दिसणार आहे त्याची चांगली उजळणी होते. २००८ मध्ये सुरू झालेली जगाची बियाण्यांची तिजोरी फक्त बाहेरून दिसते, आत पर्यटकांना घेत नाहीत.

वस्तीच्या टोकाला अस्वलाच्या चित्राची पाटी आहे. तिच्यापुढे बंदूकधारी गाइडशिवाय जायचं नाही. फोटोसाठीही नाही.

## ९. जहाजावर पहिल्या दिवशी

जीवरक्षक जॅकेट घालून सराव, बोटीत बसण्याच्या सूचना, अस्वलांच्या भागातल्या वागण्याचे नियम: सगळ्याला हजेरी सक्तीची. मग कपड्यांची सफाई. बुटांचे तळवे, पँटच्या शिवणी, बॅगेचे कप्पे, सगळं व्हॅक्यूमने साफ करतात, कारण वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी तिथे रुजू शकतं. सह्याद्रीत ट्रेकला वापरलेली सॅक असेल तर घरूनच झाडून, धुवून आणा.

बोटीत बसताना हात हातात द्यायचा नाही, मनगटाला मनगट पकडायचं. मग एक पाय बोटीच्या फुगीर कडेवर, दुसरा आत, आणि लगेच बसून सरकायचं. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कॅमेरा सॅकमध्ये आणि सॅक पाठीवर. 'वेट लँडिंग' म्हटलं की नडगीभर पाण्यात उतरायचं. जहाज सोडताना फळीवरचा आपल्या क्रमांकाचा बिल्ला उलटवायचा आणि आल्यावर सुलटा करायचा. हे विसरलात तर माइकवरून तुमच्या नावाचा पुकारा होतो आणि अख्खं जहाज ते ऐकतं.

एक जोड कपडे दाराच्या खुंटीवर तयार ठेवा. पहाटे तीन वाजता ध्वनिक्षेपक बोलतो: 'उजव्या बाजूला, बर्फावर, अस्वल.' थर्मल शोधत बसणाऱ्याला ते दिसत नाही.

## १०. किनारा: काय दिसतं आणि काय पाळायचं

छापलेला कार्यक्रम फक्त अंदाज असतो. बर्फ, वारा, धुकं आणि अस्वलं बघून कप्तान आणि मोहीमप्रमुख रोज संध्याकाळी उद्याचं ठरवतात. किनाऱ्यावर अस्वल दिसलं की उतरणं रद्द, त्यावर हुज्जत चालत नाही. 'अमुक ठिकाण दाखवणार म्हणाला होतात' असं म्हणणारा एकतरी सहप्रवासी भेटतोच. तो माणूस तुम्ही होऊ नका.

अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर, १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. म्हणजे ते दुर्बिणीतून दिसेल, जहाजाच्या डेकवरून. बर्फाच्या पांढऱ्यात अस्वल पिवळसर दिसतं. पांढरा ठिपका शोधू नका, मळकट साय शोधा. आणि अस्वल दिसेलच अशी हमी देणाऱ्या एजंटपासून दूर राहा.

वॉलरस दिसण्याआधी त्यांचा वास येतो. गाइड वाऱ्याची दिशा बघून रांगेत, हळूहळू नेतात आणि थांब म्हटलं की थांबायचं. सुरय (टर्न) पक्ष्यांच्या घरट्यांजवळून जाताना ते डोक्यावर झेप घालतात, चोची मारतात. ते सर्वांत उंच टोकावर हल्ला करतात, म्हणून काठी किंवा हात डोक्यावर धरा आणि थांबू नका.

नैऋत्येला हॉर्नसुंड: टोकदार सुळके, हिमनद्या, आणि १९५७ पासूनचं पोलंडचं संशोधन केंद्र. वायव्येला माग्दालेनेफ्योर्डन, तिथे देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या कबरी. जवळच आम्स्टरडॅम बेटावर स्मीरेनबर्ग, जिथे सतराव्या शतकात डच लोक देवमाशांची चरबी कढवून तेल काढत. चुलींचे अवशेष वाळूत अजून दिसतात, आणि ज्या बोहेड देवमाशांसाठी हा सगळा उद्योग उभा राहिला ते या पाण्यात जवळजवळ संपवले गेले. १९४६ च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण तिथे संरक्षित आहे, गंजका खिळासुद्धा उचलायचा नाही. हाडं, शिंगं, दगड, फुलं, काहीच नाही.

लीफदेफ्योर्डनमध्ये मोनाको हिमनदी समुद्राला भिडते. बोटीचं इंजिन बंद केलं की पाण्यातल्या बर्फाच्या तुकड्यांमधून तडतड आवाज येतो: बर्फात अडकलेली हवा सुटत असते. मध्येच कडा कोसळतो, आधी पाणी उडताना दिसतं आणि गडगडाट मागाहून पोचतो, मग लाट. म्हणून बोटी कड्यापासून लांब ठेवतात. चालकाला 'अजून जवळ' म्हणू नका.

पूर्वेला हिनलोपन सामुद्रधुनीत आल्केफ्येलेट आहे. माझ्या मते सगळ्या सफरीत हेच ठिकाण पैसे वसूल करतं. सह्याद्रीतल्या कातळकड्यासारखा काळा, उभ्या खांबांचा, शंभरेक मीटर उंच कडा थेट समुद्रातून वर आलेला, आणि त्याच्या प्रत्येक फटीत ब्रुनिख गिलिमॉट हे समुद्रपक्षी बसलेले, साठेक हजार जोड्या. घरटं नसतं, अंडं सरळ दगडावर. पक्षी डोक्यावरून एवढ्या संख्येने जातात की वर बघताना तोंड बंद ठेवावं लागतं आणि टोपी धुवावी लागते. जुलै-ऑगस्टच्या संधीला उडता न येणारी पिल्लं कड्यावरून खाली पाण्यात उड्या टाकतात. बाप खाली हाका मारत असतो. जे पाण्यापर्यंत पोचत नाही, ते खाली टपलेल्या कोल्ह्याच्या किंवा वर घिरट्या घालणाऱ्या कुरवाच्या तोंडी जातं. बोटीत काहींना हे बघवत नाही. लहान मुलं सोबत असतील तर आधी सांगून ठेवा.

बर्फाने वाट दिली तर पुढे नोर्डाउस्टलांडेट बेटावरच्या हिमटोपीची समुद्रात संपणारी भिंत लागते, साधारण १८० किलोमीटर लांब. उन्हाळ्यात तिच्या माथ्यावरून वितळलेल्या पाण्याचे धबधबे समुद्रात पडत असतात.

## ११. नी-ऑलेसुंड: फोन बंद करा, पाटी शोधा

७८ अंश ५५ मिनिटांवरचं हे संशोधकांचं गाव. इथे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, कारण २० किलोमीटरच्या परिसरात मोजमापाची संवेदनशील उपकरणं चालतात. नुसतं एअरप्लेन मोड करून भागत नाही. घड्याळ, इयरफोन, कॅमेऱ्याचा वायफाय, सगळं बंद. जहाजावरच आदल्या रात्री सेटिंग शोधून ठेवा.

१९२६ मध्ये ध्रुवसंशोधक आमुंडसेन आणि नोबिले यांची 'नोर्गे' ही वायुनौका (एअरशिप) ध्रुवाकडे निघाली, ती बांधायचा लोखंडी मनोरा गावाबाहेर अजून उभा आहे. तिथवर जायला सोबत बंदूकधारी गाइड लागतो. गावात भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे, १ जुलै २००८ ला सुरू झालेलं. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आत जाता येत नाही, संशोधक कामात असतात, उगाच दार वाजवू नका. बाहेरून पाटीचा फोटो काढा, आखलेल्या रस्त्यावरून चाला आणि पोस्टातून घरी कार्ड टाका.

## १२. परतताना

सफर संपण्याच्या आदल्या रात्री बिलं मिटतात. गाइड आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी ऐच्छिक असते, रक्कम जहाजावरच सुचवतात आणि कार्डाने देता येते.

लाँगयरब्येनच्या दुकानांत सीलचं आणि अस्वलाचं कातडं विकायला दिसेल. घेऊ नका. भारतात आणताना वन्यजीवांच्या परवान्यांचं लचांड मागे लागतं.

ऑस्लोला पुन्हा पासपोर्ट तपासणी आणि कस्टम होतं, तिथे व्हिसाची दुसरी एंट्री वापरली जाते. म्हणून त्याच दिवशीचं पुढचं विमान असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा, आणि दोन्ही विमानं वेगळ्या तिकिटांवर असतील तर ऑस्लोला एक रात्र मुक्कामच करा. घरी आल्यावर एजंटकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि रिटर्न भरताना ती रक्कम वळती करायला सीएला सांगा.